नोकचा नैवेद्य

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीतून आम्ही चौदा जण एप्रिलमध्ये बँकॉकला जाऊन आलो. परत आल्यावर गणपतीच्या स्मरणिकेसाठी सहलीवर मी लिहावं असं ठरलं. मी सेक्रेटरी आहे आणि पाणी बंद राहणार असल्याच्या नोटिसा माझ्या हातच्या चांगल्या होतात, असं लोक म्हणतात. अध्यक्ष जाधवकाकांनी बजावलं, "चांगलं चांगलं लिवा सेक्रेटरी. ज्यास्नी यायला जमलं न्हाय त्यांच्या तोंडाला पानी सुटलं पायजे."

मी प्रयत्न केला. सोन्याचे कळस, नदीवरचा वारा, स्वच्छ रस्ते, सगळं लिहून काढलं. पण पहिल्या दुपारी जे घडलं ते वगळलं की उरते ती नुसती खरेदीची यादी, आणि ती आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसकट येऊन गेली आहे. म्हणून घडलं तसं लिहितो. बरोबर आलेल्यांपैकी ज्यांना हे वाचून राग येईल त्यांची आधीच माफी मागतो. माफी मागायची मला सवय आहे. लिफ्टमध्ये माझ्या पायावर कोणी पाय दिला तरी 'सॉरी' मीच म्हणतो. रोज वापरून वापरून तो शब्द इतका गुळगुळीत झाला होता, की खरी गरज पडली तेव्हा हातातून निसटलाच.

पहिला दिवस : धक्क्याजवळचं पिंपळाचं झाड

आमच्या गाईडचं नाव नोक. तिशी ओलांडलेली, काटकुळी, आणि झेंड्याऐवजी जांभळी रिबीन बांधलेली छत्री उंच धरून चालणारी. तिला हिंदी येत होती. ती आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं शिकवलेली असल्यामुळे तिच्यात मुख्यतः हुकूम होते : चलो, जल्दी, बैठो, फोटो खींचो, पानी लाओ. 'कृपया' हा शब्द तिला आमच्यापैकी कोणी शिकवलेला दिसला नाही.

विमानतळावरून तिने आम्हाला थेट जेवायला नेलं. पनीर, पिवळी डाळ, तंदुरी रोटी. एवढा समुद्र ओलांडून आम्ही जे खाल्लं ते आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर याहून बरं मिळतं. पण "इथलं काही खायचं नाही, कशात काय घालतील सांगता येत नाही" असा ठराव निघण्यापूर्वीच सर्वानुमते झाला होता. जाधवकाका तर लसणाची चटणी आणि दशम्यांचा डबा मांडीवर घेऊनच बसले. काका मूळचे साताऱ्याकडचे, उभी हयात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गेलेली. माणूस मनाने उदार, फक्त पानातल्या पदार्थाबद्दल संशयी.

जेवणानंतर कालव्यातली बोटीची फेरी होती. धक्क्याच्या वाटेवर एक पिंपळ आहे, त्याच्या बुंध्याला रंगीत फिती गुंडाळलेल्या, आणि शेजारी एका खांबावर छोटंसं देऊळ. तुळशीवृंदावनावर बाहुल्यांचं घर ठेवावं तसं. शहरभर अशी देवळं आहेत. दुकानापुढे, हॉटेलापुढे, पेट्रोल पंपावरसुद्धा. जमिनीचा जो मूळ राखणदार, त्याच्या जागेवर आपण इमारत बांधली, तर त्यालाही एक घर द्यायचं आणि रोज काहीतरी खाऊपिऊ घालायचं, असा तिथला रिवाज. नोकने तुटक हिंदीत हे सांगितलं तेव्हा मला आमची सोसायटी आठवली. आमची कामोठ्याची इमारत ज्यांच्या भातशेतीवर उभी आहे त्यांना मोबदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळाली, तीही कचेऱ्यांचे उंबरे झिजवून. सोसायटीच्या वार्षिक सभेला त्यांच्यातल्या एकालाही आम्ही कधी चहाला बोलावलेलं नाही.

नोकने गाडीतून एक पिशवी काढली. देवळापुढे ताटलीत नऊ केळी, पानात बांधलेली मिठाई, वरून तासलेलं एक शहाळं आणि लाल शरबताची बाटली मांडली. शहाळ्यात आणि बाटलीत स्ट्रॉ घातला. पाच उदबत्त्या लावल्या, हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "दस मिनट. टिकट. बैठो." आणि धक्क्याकडे गेली.

आम्ही बसलो. ऊन असं की टोपीच्या आत डोकं शिजत होतं. दोन मिनिटं गेली.

"पूजा झाली की," जाधवकाका म्हणाले. "मग परसाद?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, कारण सोसायटीच्या सत्यनारायणाचा प्रसाद दरवर्षी मी वाटतो. दीडशे माणसांना पुरवून पुन्हा वॉचमनसाठी दोन द्रोण बाजूला ठेवतो, याचा मला अभिमान आहे. हातात डाव आला की मी वेगळाच माणूस होतो. आपल्याकडे देवाने नैवेद्य नुसता बघायचा असतो, खायचा माणसांनी. आरतीची शेवटची ओळ संपायच्या आत हात पुढे आलेले असतात. माझ्या मनात तेव्हा दुसरा विचारच आला नाही. मी उठलो, देवाला नमस्कार केला आणि वाटायला लागलो.

फक्त फरीदभाई म्हणाले, "सेक्रेटरी, तिला विचारलंत का?" फरीदभाई श्रीवर्धनकडचे, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे.

"अहो, प्रसादाला काय विचारायचं असतं? उलट नको म्हटलं तर तिला वाईट वाटेल."

"तुमचं तुम्हाला माहीत," असं म्हणून ते कालव्यातले मासे बघायला कठड्याशी जाऊन उभे राहिले.

नऊ केळी, तेरा माणसं. मी सोलून, अर्धी अर्धी करून दिली. साली शिस्तीत परत ताटलीत ठेवल्या, कारण परदेशात आपण कचरा करत नाही. पानातली मिठाई नारळाची आणि चिकट तांदळाची होती. "अगदी आपल्या पातोळ्यांसारखं लागतंय हो," माझी बायको सुनंदा म्हणाली. शहाळं हातोहात फिरलं. जाधवकाकांनी बाटलीतलं लाल शरबत अर्धं ओढलं आणि स्ट्रॉ पुन्हा नीट बाटलीत घालून ती जागेवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या अर्धं. देवाला बी घसा हाय."

सगळे खूश झाले. थायलंडचं अन्न म्हणून आमच्या मंडळींनी त्या दिवशी मनापासून खाल्लं ते एवढंच.

नोक तिकिटं घेऊन आली. ताटलीकडे पाहिलं. उदबत्त्या अजून अर्ध्याहून जास्त उरल्या होत्या. तिने आमच्याकडे पाहिलं आणि हळू विचारलं, "ये... कौन?"

आवाज चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर मी खरं बोललो असतो. तो घाबरलेला होता. तेरा जणांनी माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरी मी.

"कुत्ता," मी म्हणालो.

"बडा कुत्ता," जाधवकाकांनी दुजोरा दिला, आणि तेवढ्याने भागणार नाही असं वाटून की काय, "दो था."

नोकने एकदा सालींकडे, एकदा बाटलीकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं. मग छत्री उघडली. "अच्छा. चलो."

बोटीत सुनंदा तिच्या शेजारी बसली. सुनंदाला कोणाशीही, कुठल्याही भाषेत बोलता येतं. तिचे निम्मे शब्द हातांचे असतात. कालव्याच्या दोन्ही काठांना खांबांवर उभी लाकडी घरं होती, कुंड्या होत्या, पायऱ्यांवर बसून भांडी घासणाऱ्या बाया होत्या. सगळे फोटो काढत होते. अर्ध्या तासाने सुनंदा माझ्याजवळ आली ती तोंड उतरवून.

"अहो, तो नवस होता. तिच्या भावासाठी."

तिने सांगितलं ते असं. त्या देशात मुलगा एकवीस वर्षांचा झाला की त्याला लष्कराच्या सोडतीला हजर व्हावं लागतं. पेटीत हात घालायचा. काळी चिठ्ठी आली तर घरी. लाल आली तर दोन वर्षं फौजेत. आईवडील नसलेल्या त्या भावाला नोकनेच वाढवलं होतं. तो एका गॅरेजमध्ये नुकता कायम झाला होता, आणि सीमेवर तर धुमसतच होतं. त्याची सोडत परवा सकाळी होती.

"आणि उदबत्ती विझेपर्यंत तो राखणदार जेवत असतो म्हणे," सुनंदा म्हणाली. "विझल्यावर त्याची परवानगी घेऊन माणसांनी खाल्लं तर चालतं. आपण त्याच्या भरल्या पानावरून उचललं."

"मग तिला सांगू या का?"

"सांगू या नाही. तुम्ही सांगा. कुत्रा तुम्ही आणलात."

दुसरा दिवस : राजवाडा, निजलेले बुद्ध आणि आंबा

राजवाड्यात गुडघे उघडे चालत नाहीत. जाधवकाकांनी खास सहलीसाठी घेतलेली फुलाफुलांची बर्म्युडा घातली होती. नोकने धावत जाऊन कुठून तरी हत्तींचं चित्र असलेली ढगळ पँट आणली. कामोठ्यात ज्यांच्यापुढे बिल्डर उभा राहायला कचरतो ते आमचे अध्यक्ष, भर गर्दीत एका पायावर उड्या मारत हत्ती चढवत होते. मला हसू आलं नाही. नोक जवळच मोकळी उभी होती आणि मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काका ओरडले, "आवं धरा की मला!" मी त्यांना धरलं. पहिली संधी गेली.

निजलेले बुद्ध पाहिले. मूर्ती एवढी लांब, की पायाशी पोहोचेपर्यंत चेहऱ्याचं शांत हसू विसरायला होतं. पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत एकशे आठ भांडी मांडलेली आहेत, प्रत्येकात एक नाणं टाकत जायचं. मी टाकत गेलो आणि मनात हिंदी वाक्य जुळवत गेलो. चाळिसाव्या भांड्यापाशी वाक्य तयार झालं : 'वो कुत्ता मैं था.' व्याकरण बरोबर होतं. तरी तोंडात बसेना. एकशे आठ संपले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की जणू सांगूनच टाकलं. देवळांचा हा मोठाच धोका आहे. केलं काहीच नसताना निस्तरल्यासारखं वाटतं.

दुपारी सुनंदाने बंड केलं. "आज पनीर नको," म्हणाली आणि नोकचा हात धरून सरळ फुटपाथवरच्या गाडीशी गेली. चिकट भात, त्यावर नारळाचं गोड घट्ट दूध आणि पिकलेल्या आंब्याच्या फाका. मी मागोमाग गेलो. जाधवकाका माझ्यावर लक्ष ठेवायला आले.

"ह्याला काय आंबा म्हनायचं?" काका म्हणाले. "आमच्या मार्केटला आसली पेटी आली आसती तर उघडलीबी नसती." मग दोन प्लेटा खाल्ल्या. "भात बरा हाय," असं तिसरी मागवताना कबूल केलं.

मी नोकसाठी एक प्लेट जास्त सांगितली. लाच होती ती, दुसरं काही नाही. तिने खाल्ली नाही, डब्यात भरून घेतली. "भाई के लिए," म्हणाली. "कल सुबह."

मी म्हणालो, "नोक, एक बात..."

जाधवकाकांनी माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं. "सेक्रेटरी, गप बसा. परमुलूख हाय. देवाची चोरी म्हनून आत घातलं तर सोडवायला कोन येनार? आनि लाल का काळी ते केळ्यावर हाय व्हय?"

खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. आपल्याला करायचं नसतं ते करू नका असं कोणी मोठ्या माणसाने दटावून सांगितलं, की केवढा आधार वाटतो! मी गप्प बसलो. संध्याकाळी नदीवर दिवे लागले, पलीकडच्या काठावरच्या देवळाचा मनोरा पाण्यात उलटा उभा राहिला. आमच्या ग्रुपवर त्याचे फोटो आहेत. त्यातल्या एकात मी आहे, आणि पोट बिघडल्यासारखा दिसतोय.

तिसरा दिवस : शाळेचं पटांगण

त्या दिवशी खरेदी होती, गाईडला सुट्टी. सुनंदाने आदल्या दिवशीच नोकला सांगून टाकलं होतं, "अकेली क्यों जाती? मैं आती." मग मीही निघालो. बाकीचे मॉलला गेले. फरीदभाई जाताना एवढंच म्हणाले, "आज तरी सांगा."

सोडत एका शाळेच्या पटांगणात होती. पत्र्याच्या छपराखाली मोठे पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि उघड्या अंगाने रांगेत बसलेली शेकडो पोरं. दंडावर शाईने नंबर घातलेले. दोरीच्या अलीकडे त्यांचं गणगोत. आयांच्या मुठीत ताईत, आज्यांच्या हातात पंखे, आणि कोणाच्या तरी हातात उकडलेल्या अंड्यांची पिशवी, तीही नवसाचीच. आपल्याकडे दहावीच्या निकालाला असतात तसे चेहरे. फरक एवढाच, की इथे अभ्यास करून काही उपयोग नव्हता.

पोरगा पुढे जायचा, पेटीत हात घालायचा, चिठ्ठी अधिकाऱ्याकडे द्यायचा. अधिकारी ती उंच धरून रंग पुकारायचा. काळी आली की पोरगा हवेत उडायचा. एकाने तर अधिकाऱ्याचाच मुका घेतला. लाल आली की गर्दीतून एक लांब सुस्कारा यायचा आणि मग टाळ्या. देशासाठी म्हणून टाळ्या. लाल चिठ्ठी निघालेल्या एका मुलाची आजी आमच्या शेजारीच मटकन खाली बसली. सुनंदाने तिला पाणी दिलं.

नोकचा भाऊ चौथ्या रांगेत होता. बहिणीसारखाच काटकुळा. त्याने इकडे पाहून अंगठा दाखवला. नोकने दोन्ही हातांनी सुनंदाचं मनगट आवळून धरलं होतं.

आता सांगितलं पाहिजे, असं मला वाटलं. खरं तर कालच सांगायला हवं होतं. काल सांगितलं असतं तर तिला तिच्या रीतीने काही करता आलं असतं. आज सांगून फक्त माझं ओझं उतरणार होतं. हे कळत असूनही मी तोंड उघडलं. एवढा मी स्वार्थी आहे.

"नोक," मी म्हणालो, "वो कुत्ता..."

"चुप," ती म्हणाली. "नंबर."

भाऊ उठला. पेटीपाशी गेला, आमच्याकडे पाठ करून हात आत घातला. फार वेळ लावला नाही. अधिकाऱ्याने चिठ्ठी उंच धरली.

लाल.

सुस्कारा आला. टाळ्या आल्या. भाऊ क्षणभर त्या चिठ्ठीकडे, दुसऱ्याचं पत्र आपल्या पेटीत आल्यासारखा पाहत राहिला, मग वळला आणि बहिणीला हात करून हसला. नोकनेही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून. मग तिचे हात थांबले आणि सुनंदाने तिला जवळ घेतलं. तिची छत्री खाली पडली होती, ती मी उचलून धरली.

चौथा दिवस : विमानतळ

सकाळी नोक कामावर हजर होती. डोळे सुजलेले, बाकी सगळं जागच्या जागी. चौदा बॅगा मोजल्या, पासपोर्ट मोजले, आम्हाला रांगेला लावलं आणि सहल कंपनीचा अभिप्रायाचा कागद जाधवकाकांच्या हातात देऊन काउंटरशी बोलायला गेली. त्यावर इंग्रजीत रकाने होते : हॉटेल, गाडी, जेवण, गाईड. प्रत्येकापुढे चार चौकोन, उत्तमपासून वाईटपर्यंत. खाली सूचनांसाठी मोकळी जागा आणि सह्या.

"हाटेल बेस्ट," काका पुटपुटले. "गाईड... काल दिसलीच न्हाय. आज हसली न्हाय. तीन नंबरच्यात टिक करतो. लई न्हाय, कमी न्हाय."

मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. अकरा वर्षांत अध्यक्षांच्या हातातून मी पहिल्यांदाच काही काढून घेतलं. सूचनांच्या जागेत मराठीत लिहिलं : 'पहिल्या दिवशी आमच्या गाईडने भावासाठी ठेवलेला नैवेद्य तिला न विचारता आम्ही खाल्ला आणि कुत्र्याने खाल्ला असं खोटं सांगितलं. खोटं मी सांगितलं. तिच्या कामात काहीही कमी नव्हतं.' मोठ्याने वाचून दाखवलं आणि सह्या मागितल्या.

कोणाला टॉयलेटला जायचं आठवलं. कोणी म्हणालं, पुढच्या वेळी व्हिसाला त्रास होईल. कोणी म्हणालं, मला तर अर्धंच केळं मिळालं होतं. जाधवकाका म्हणाले, "मी साधा मानूस हाय, मला ह्यात गुतवू नगा," आणि हत्तींची पँट घातलेले ते दूर जाऊन बसले. सुनंदाने सही केली. मग फरीदभाईंनी पेन मागितलं.

"तुम्ही तर खाल्लं नव्हतं," मी म्हणालो.

"गप्प तर मीही बसलो होतो ना," ते म्हणाले आणि सही केली.

चौदा जणांत तीन सह्या.

नोक परत आली. कागद उलटसुलट करून तिने त्यावरची बारीक अक्षरं पाहिली. "क्या लिखा? गुड? बॅड?"

आता कोपर धरायला कोणी नव्हतं. "वो कुत्ता मैं था," मी म्हणालो.

"मालूम," नोक म्हणाली.

मला वाटलं तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो. तिने हात वर केला. "मालूम है. कुत्ता केला छीलता नहीं. कुत्ता स्ट्रॉ वापस नहीं रखता."

"फिर बोली क्यों नहीं?" सुनंदाने विचारलं.

"गेस्ट," ती म्हणाली, त्यात सगळं आलं अशा आवाजात. मग म्हणाली, "दूसरे दिन सुबह मैं वहाँ गई. नया केला रखा. सॉरी बोला. तेरह लोग का सॉरी." फरीदभाईंकडे हनुवटी केली. "ये अंकल नहीं खाया. मैं टिकट की लाइन से देखा, ये उधर अकेला मछली देखता था."

म्हणजे राजवाड्यात धावत जाऊन तिने जाधवकाकांसाठी पँट आणली, त्याआधी ती आमच्यासाठी माफी मागून आली होती. ज्या 'सॉरी'साठी मी दोन दिवस हिंदी जुळवत होतो तो ती माझ्या वतीने सकाळीच म्हणून मोकळी झाली होती.

"फिर भी लाल?" माझ्या तोंडून गेलं. अजूनही मी माझीच सुटका शोधत होतो.

"पेटी में लाल बहुत था," नोक म्हणाली. ती माझ्यावर दया करत होती, की खरंच एवढंच तिचं म्हणणं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग तिने कागद माझ्यापुढे धरला. माझ्या कबुलीजबाबावर बोट ठेवून मान हलवली. "ये ऑफिस नहीं पढेगा." बोट वर सरकवलं, चौकोनांवर. "ये पढेगा. टिक. मेरा काम इससे."

मी पेन घेतलं. हॉटेलपुढे उत्तमवर खूण केली. गाडीपुढे केली. गाईडपुढे इतकी जोरात केली की कागद फाटता फाटता राहिला. कागद परत द्यायला लागलो, तर तिने घेतला नाही. एक रकाना राहिला होता.

"फूड भी," नोक म्हणाली. "सबसे ऊपर वाला."

मी सगळ्यात वरच्या चौकोनात खूण केली.